पाळणाघराचे शुल्क ठरविताना स्वतःचे श्रमही मोजा

बेंगळुरू : घरातच पाळणाघर चालविणारी महिला शुल्क ठरविताना बहुधा शेजारचा दर पाहते, स्वतःचे श्रम मात्र हिशेबात धरीत नाही. समजा, घरभाड्याचा वाटा, मदतनिसाचा पगार व वीज मिळून महिन्याचा खर्च 24 हजार रुपये आहे आणि स्वतःचे वेतन 16 हजार धरले. जागा 8 असल्या तरी वर्षभर सरासरी 5 भरणार असतील, तर 40 हजारांना 5 ने भागावे; दरमहा शुल्क 8 हजार येते. आठही जागा भरतील असे गृहीत धरून 5 हजार आकारल्यास जमा 25 हजार, म्हणजे हाती उरतात अवघे 1 हजार.

मूल रजेवर असले तरी त्याची जागा अडलेलीच असते. तेव्हा गैरहजेरीत सूट किती, हे प्रवेशावेळीच लिहून घ्यावे.

बेंगळुरूच्या वाहतूककोंडीत पालकांना होणारा उशीर ही खरी डोकेदुखी. इस्रायलमधील हैफा येथील पाळणाघरांत उशिरासाठी अल्प दंड लावताच उशिरा येणारे पालक वाढले आणि दंड रद्द केल्यावरही घटले नाहीत, असे 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. दंड भरला की उशिराचा संकोच उरत नाही. त्यामुळे जादा वेळेचा दर नाममात्र नसावा. मदतनिसाला थांबविण्याचा खर्च तरी त्यातून निघावा.