हिमाचं झालं हीव

निफाडचा पारा घसरला की ‘थंडीची लाट’ पहिल्या पानावर येतेच. त्यामागे हवामान खात्याचा हिशेब असतो. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली उतरलं आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी भरलं, की लाट. पण द्राक्षबागेत पहाटे शेकोटी पेटवणारा माणूस लाट म्हणत नाही. त्याला ‘हीव वाजतं’.

हीव म्हणजे संस्कृतातलं हिम. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसं हिमाचं हीव; हिमकालाचा हिवाळा. जुन्या पुस्तकांत गांव, नांव, हिंव असे अनुस्वार दिसतात. ती त्या विरलेल्या ‘म’ची खूण. 1962च्या लेखननियमांनी ती पुसली, याची हळहळ वाटते.

या शब्दाचं गोत्र फार मोठं आहे. फारसीतला जमिस्तान, रशियनमधला झिमा, लॅटिनमधला हिएम्स हे सगळे हिवाळे त्याचेच भाऊबंद. ऋग्वेदात तर आयुष्य मागतानाही शंभर हिवाळे मागितले आहेत.

अशी नाती उलगडणाऱ्यांत राल्फ टर्नर यांचं नाव आदरानं घ्यावं लागतं. पहिल्या महायुद्धात गुरखा पलटणीसोबत लढलेले हे इंग्रज गृहस्थ 1916मध्ये मराठीतल्या प्राचीन आघातावर निबंध लिहीत होते. पुढे त्यांनी भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश रचला. त्यात 14 हजारांहून अधिक नोंदी आहेत. त्यांच्या वाटेनं गेलं की ‘थंड’ पोचतो ‘स्तब्ध’पाशी, म्हणजे ताठरलेल्यापाशी. हिंदीतला ‘जाडा’ निघतो ‘जाड्या’तून, म्हणजे जडपणातून. दोन्हींत गारठून आखडलेलं अंग दिसतं.

हीव मात्र बर्फातून आलं, आणि आपल्या मुलखात बर्फ पडत नाही. तरी शब्द मेला नाही. तो अंगात शिरला: हीव भरतं, हिवानं दात वाजतात. हुडहुडी भरून येणारा ताप म्हणून मलेरियाला हिवताप म्हटलं गेलं. आज शहरी वाचकाला हा शब्द भेटतो तो बहुधा ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ या पाटीवरच.

हे बरं नव्हे. अंशांचा आकडा हवाच, पण उघड्यावर झोपणाऱ्याच्या अंगावर काय येतं हे आकडा सांगत नाही. ते सांगणारा शब्द खेड्यापाड्यांत अजून रोज बोलला जातो. वर्तमानपत्रांनी तो बातमीत, मथळ्यात, हक्कानं छापावा.