व्हर्च्युअल मशीनची स्क्रीन अडखळतेय? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे तपासा

पनवेलमध्ये योट्टा कंपनीचं 'एनएम १' हे डेटा सेंटर आहे. जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेंटरची क्षमता आहे ७,२०० रॅकची. अशा ठिकाणी एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर, एकाच वेळी विनातक्रार चालतात.

आणि त्याच पनवेलमध्ये इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी प्रॅक्टिकलसाठी आपल्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकतो, त्यात उबुंटू चालू करतो आणि वैतागतो. माउस हलवला की पॉइंटर मागून येतो. विंडो सरकवली की स्क्रीन अडखळते. मित्र सांगतात, "रॅम वाढव, नाहीतर लॅपटॉप बदल." घरचे पैशांची जुळवाजुळव करायला लागतात.

पण बऱ्याचदा या खर्चाची गरजच नसते.

मग अडतं कुठं?

व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपच्या प्रोसेसरचा आणि रॅमचा वाटा मिळतो. ग्राफिक्स कार्ड मात्र थेट मिळत नाही. त्याला दिसतं ते सॉफ्टवेअरनं तयार केलेलं नकली कार्ड. त्यामुळे चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं.

हे काम किती मोठं आहे ते बघा. फुल एचडी स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका चित्राला साधारण ८ एमबी लागतात. सेकंदाला अशी ६० चित्रं म्हणजे जवळपास ५०० एमबी. फोर-के स्क्रीन असेल तर याच्या चौपट.

डेटा सेंटरमधल्या बहुतेक सर्व्हरना हा त्रास होत नाही, कारण त्यांना स्क्रीनच लागत नाही. लांबून कमांड टाइप करून त्यांच्याकडून काम करून घेतलं जातं.

आता दुरुस्तीकडे येऊ. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल.

१. आधी निदान करा. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'मध्ये जाऊन ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय ते बघा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असं नाव दिसलं, तर चित्रं प्रोसेसरच काढतोय हे नक्की.

२. डिस्प्ले सेटिंग बदला. व्हर्च्युअल मशीन पूर्ण शटडाउन करा. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा. ग्राफिक्स कंट्रोलर लिनक्ससाठी 'व्हीएमएसव्हीजीए' आणि विंडोजसाठी 'व्हीबॉक्सएसव्हीजीए' ठेवा. थ्री-डी अॅक्सलरेशन चालू करा. त्यानंतर स्क्रीन काळी पडली किंवा लुकलुकायला लागली, तर ते परत बंद करा.

३. गेस्ट अॅडिशन्स टाका. हीच पायरी अनेकजण विसरतात. यात नकली कार्डासाठी लागणारे ड्रायव्हर असतात. 'डिव्हाइसेस' मेनूमधून त्याची सीडी जोडा, इन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा.

४. कासव शोधा. मशीन चालू असताना खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजचं हायपर-व्ही मध्ये आलंय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या आडून काम करतंय असं समजा. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही बंद करता येतं. पण डब्ल्यूएसएल २ किंवा डॉकर वापरत असाल तर जपून, कारण तेही याच यंत्रणेवर चालतात. 'मेमरी इंटिग्रिटी'मुळेही कासव दिसू शकतं. ती सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे वेगासाठी ती बंद करण्याआधी दोनदा विचार करा.

५. ओझं कमी करा. मशीनला प्रोसेसरचे किमान दोन कोअर द्या. रिझोल्यूशन कमी करा. तरीही जमत नसेल तर झुबुंटूसारखं हलकं लिनक्स टाका. त्यातला एक्सएफसीई डेस्कटॉप दिखाऊ इफेक्ट कमी करतो.

मग रॅम कधी वाढवायची?

व्हर्च्युअल मशीन चालू केल्यावर बाहेरचं विंडोजही गुदमरत असेल, तर टास्क मॅनेजर उघडा. मेमरी सतत काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम खरंच कमी पडतेय. पण बाहेर सगळं सुरळीत आणि फक्त आतली स्क्रीन अडखळत असेल, तर दुखणं डिस्प्लेचं आहे. त्यावरचा इलाज सेटिंगमध्ये आहे आणि तो फुकट आहे.