यंत्रमागांचे शहर आणि वास्तुकलेचे उच्च शिक्षण

वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते आणि ती मिळाल्यावर १९७२च्या वास्तुविद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करून व्यवसाय करता येतो. म्हणजेच त्यापुढील दोन वर्षांची ‘एम. आर्च.’ ही पदव्युत्तर पदवी व्यवसायाच्या परवान्यासाठी आवश्यक नसते. तिचा हेतू निराळा आहे. एकटी इमारत रचायला शिकलेल्या विद्यार्थ्याला अनेक इमारती, रस्ते, पाणी, व्यवसाय आणि माणसे यांचा एकत्रित विचार करायला लावणे, हा तो हेतू होय. त्यामुळे या शिक्षणात नागरी संरचना (वस्तीतील इमारती आणि मोकळ्या जागा यांची एकत्रित आखणी) आणि वारसा संवर्धन (जुन्या वास्तूंचे जतन व पुनर्वापर) अशा शाखा असतात.

मुंबईत या विद्येची परंपरा जुनी आहे. मुंबई विद्यापीठ आणि सर जे. जे. कलाशाळा या दोन्ही संस्था १८५७मध्ये स्थापन झाल्या. कलाशाळेत पुढे नकाशे काढणाऱ्यांचे वर्ग सुरू झाले आणि त्यांतूनच वास्तुकलेचे पूर्ण शिक्षण उभे राहिले. १९२३ ते १९४३ या काळात वास्तुविभागाची धुरा वाहणारे क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय वास्तूंची मापे घेऊन त्यांचे काटेकोर आलेख काढून घेत. जे आहे ते आधी नीट मोजावे आणि मगच नवे सुचवावे, ही त्यामागची शिस्त आजही तितकीच मोलाची आहे.

या शिस्तीची कसोटी पाहणारे शहर मुंबईपासून दूर नाही. कामवारी नदीकाठचे भिवंडी हे देशातील यंत्रमागांच्या प्रमुख केंद्रांपैकी एक असून २०११च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सात लाखांवर होती. मागाचा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो आणि फणी विणलेल्या कापडावर आपटते, तेव्हा जमिनीला व भिंतींना सतत आडवे हादरे बसतात. जिथे खाली माग आणि वर राहत्या खोल्या असतात, तिथे या हादऱ्यांबरोबर आवाज आणि हवेत तरंगणारा सुताचा तूस यांचाही विचार रचनेत करावा लागतो. पाळ्यांमध्ये काम करणारे परप्रांतीय कामगार एकच खोली आळीपाळीने वापरतात आणि ‘भिशी’ म्हणवल्या जाणाऱ्या खाणावळीत जेवतात. त्यामुळे घर, कारखाना आणि स्वयंपाकघर यांची नेहमीची विभागणी येथे लागू पडत नाही.

२१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील तीन मजली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि पस्तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. राज्यातील महानगरपालिकांच्या हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. परंतु तपासणीत इमारत धोकादायक ठरल्यावर रहिवाशांनी कोठे जावे, माग कोठे हलवावेत आणि रोजगाराशी जोडलेली वस्ती न मोडता पुनर्बांधणी कशी करावी, हे प्रश्न अभियंत्याच्या अहवालाबाहेर उरतात. पदव्युत्तर अभ्यासाचे खरे क्षेत्र तेथूनच सुरू होते.

शहराभोवतीच्या साठ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे नियोजन प्राधिकरण आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ या परिसरात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत. अवजड वाहनांचे मार्ग, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि जुन्या गावठाणांचे जीवन यांची सांगड घालणे हा नागरी संरचनेचा प्रश्न आहे. तालुक्यातील लोनाडची प्राचीन लेणी आणि शिवमंदिर यांच्या परिसराचे भान ठेवणे हा वारसा संवर्धनाचा.

एम. आर्च.च्या अभ्यासक्रमात विद्यार्थी अखेरीस प्रबंध लिहितो आणि त्याची मांडणी ‘ज्युरी’पुढे, म्हणजे परीक्षक मंडळापुढे, करतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठातील प्रबंधाला मात्र आणखी एक परीक्षक असतो, तो म्हणजे ज्याच्या घराची मापे घेतली तो नागरिक. म्हणून भिवंडीची एक गल्ली मोजून केलेले काम ग्रंथालयात बंदिस्त न राहता महापालिकेच्या नगररचना विभागाकडे जावे आणि त्याचे निष्कर्ष त्या गल्लीतल्या लोकांना मराठी, उर्दू व हिंदीत समजावून सांगितले जावेत. शहराने आपल्या विद्यापीठाकडे एवढी मागणी हक्काने करावी आणि विद्यापीठाने ती आपले कर्तव्य मानावे. कारण जिथे इमारत कोसळण्याची भीती रोजची आहे, तिथे वास्तुकलेचे ज्ञान माणसांच्या जिवाशी जोडलेले असते.