जननशील कृत्रिम बुद्धिमत्ता व व्यावसायिक माहितीची सुरक्षा

मजकूर, चित्रे वा संगणकीय आज्ञावली स्वतः रचणाऱ्या प्रणालींच्या वापरामुळे मोठ्या उद्योगसंस्थांच्या गोपनीय माहितीस निर्माण होणारा धोका व त्यावरील उपाय. चोर बाहेरून आत शिरतो, ही रूढ कल्पना येथे अपुरी पडते. माहिती कर्मचाऱ्याच्याच हातून, प्रश्नाच्या रूपाने बाहेर जाते. 2023 मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी दोष शोधण्यासाठी कंपनीची आज्ञावली चॅटजीपीटीला दिली. त्यानंतर कंपनीने अशा साधनांवर निर्बंध घातले. असा मजकूर प्रणालीच्या प्रशिक्षणात एकदा मिसळला, की तेवढाच वेगळा काढणे जवळजवळ अशक्य असते. नागपूरच्या मिहान क्षेत्रातील टीसीएस, इन्फोसिस यांसारख्या कंपन्यांच्या व्यवसायात हाताळली जाणारी माहिती बहुधा ग्राहकाची असते. साहजिकच जबाबदारी दुहेरी होते. निव्वळ बंदीचा उपयोग थोडा. कर्मचारी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून तेच करू शकतो व संस्थेस पत्ताही लागत नाही. म्हणून संस्थेच्या नियंत्रणाखालील प्रणाली पुरविणे, नावे व खातेक्रमांक आधीच वगळणे आणि वापराची नोंद ठेवणे हे उपाय योजतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 यात सुरक्षेतील हयगयीबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र तो व्यक्तींच्या माहितीपुरता आहे. निविदांचे दर वा आज्ञावली यांना त्याचे संरक्षण नाही.