जांगडवर मशीन: आधी चालवा, मग घ्या

पसंतीच्या बोलीवर नेलेल्या मालाला आम्ही कापडवाले जांगड म्हणतो. परभणी, जिंतूर, सेलूच्या शिंपी बंधूंनी इंटरलॉक मशीन घेतानाही हीच रीत धरावी. आठ दिवसांचे भाडे भरून मशीन स्वतःच्या कामावर चालवून पाहावी. न जमल्यास भाडेच जाते, जमापुंजी वाचते. दुकानदारालाही झिजेचा मोबदला मिळतो. मात्र मुदत किती आणि पसंत पडल्यास भाडे किमतीतून वजा होणार का, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जांगडचा माल नापसंती न कळवता मुदतीनंतर ठेवला, तर खरेदी पक्की ठरते. म्हणून नापसंती मुदतीतच कळवावी आणि पोच घ्यावी.