कोळशाची राख खताच्या खड्ड्यात नको

चुलीतली राख उकिरड्यावर टाकण्याची आपल्या घराघरांतली सवय जुनी आहे आणि ती चांगलीही आहे. परंतु कारखान्याच्या बॉयलरची राख फुकट मिळते म्हणून ट्रॉली भरून आणावी आणि त्याच खड्ड्यात ओतावी, हे मात्र चांगले नाही. दिसायला दोन्ही राखच. गुण मात्र निराळे.

इंदूरचे नाव जगभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक झाले ते खतामुळे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर तेथे संशोधन केले. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली त्यावर पुस्तकही लिहिले. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, मधूनमधून उलथापालथ करायची, की सुमारे ३ महिन्यांत खत तयार. कचरा कुजताना आंबटपणा वाढतो. लाकडाची राख तो मारते, शिवाय पिकाला पालाश देते.

कोळशाच्या राखेत पालाश अगदी थोडा. ती बहुतेक वाळू आणि चिकणमातीच्या जातीची. त्यातच आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. ताज्या राखेतला बोरॉन जास्त झाला तर पिकाची पाने कडेने करपतात. माळव्याची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी. तिला अशी राख देऊन काय साधणार?

इंदूरपासून शंभरेक किलोमीटरवर नागद्याला ग्रासिमच्या कारखान्याचे स्वतःचे कोळशावरचे वीजघर आहे. लहान कारखानेही कोळशावर बॉयलर चालवतात आणि काही जण त्याच वाफेवर वीज करतात. लहान वीजघराला एका युनिटमागे साधारण एक किलो कोळसा लागतो असे धरू. म्हणजे एक मेगावॉटचे यंत्र रात्रंदिवस चालले तर दिवसाला २४ टन कोळसा. आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा राखच असते, तेव्हा रोज ८ टन राख. ती कुठे जाते, हे गावाने विचारायलाच हवे.

मोठ्या केंद्रांची धुराडी दोनशे मीटरहूनही उंच असतात. लहान बॉयलरचे धुराडे ठेंगणे, त्यामुळे धूळ जवळच्याच शेतावर आणि घरांवर उतरते. राख पकडणारे यंत्र बिघडलेले असले, किंवा रात्री बंद ठेवलेले असले, तर सकाळी पालकाच्या पानांवर करडा थर दिसतो. पानांची छिद्रे बुजतात, ऊन कमी मिळते, वाढ खुंटते. भाजी दोनदा धुवावी, चारा झटकून घालावा. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ तर थेट फुप्फुसात खोल शिरते. दमेकरी, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना तिचा त्रास सर्वांत आधी होतो.

राख अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. तिच्या विटा होतात, ती सिमेंटात जाते, रस्त्याच्या भरावात जाते. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार कोळशावरच्या वीजघरांनी, कारखान्यांच्या स्वतःच्या वीजघरांनीसुद्धा, आपल्या राखेची पूर्ण विल्हेवाट लावायची आहे. शेतात ती टाकायची तर माती तपासून आणि बेतानेच, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ट्रॉलीवाला "खत आहे, घ्या" म्हणाला तरी आधी मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. फुकट राख पुढे महाग पडते.

धूर व धूळ यांची तक्रार १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याखाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते. तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवावी; नुसते "फार धूर येतो" लिहून भागत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडला तर उत्तमच. राखेचा ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तो पावसाळ्याआधी हलवायला लावावा, आणि पाऊस संपल्यावर विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.