थोड्या तारा, पुष्कळ बोलणारे

कोलकात्याच्या एस्प्लनेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर कौन्सिल हाउस स्ट्रीट आहे. तेथील ७ क्रमांकाच्या इमारतीत २८ जानेवारी १८८२ रोजी शहराचे पहिले टेलिफोन एक्स्चेंज उघडले. त्याचे ग्राहक होते अवघे ९३. प्रत्येकाची तार एक्स्चेंजपर्यंत येई. परंतु दोन तारांमधील जोडणी संभाषणापुरतीच केली जाई. पुढे मोठ्या कचेऱ्यांनी आपापली लहान एक्स्चेंजे बसविली, आणि आतील पुष्कळ टेबलांना बाहेरच्या मोजक्या तारा पुरू लागल्या.

आजच्या संगणकांतही अशीच दुहेरी व्यवस्था आढळते. तिकिटांचे आरक्षण किंवा पेढीचे व्यवहार यांमागे माहितीचा सुव्यवस्थित साठा, म्हणजे डेटाबेस, असतो. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते. मागणाऱ्याची ओळख पटविण्यात वेळ जातो व संगणकाची स्मृतीही खर्ची पडते. मूळ मांडणीत अशा जोडण्यांची मर्यादा १०० असते.

म्हणून डेटाबेस वापरणारा कार्यक्रम काही जोडण्या आधीच तयार ठेवतो. काम आले की एक घेतो आणि संपताच परत ठेवतो. हे झाले कचेरीतील लहान एक्स्चेंज. त्यामुळे वेळ वाचतो. परंतु गर्दीच्या दिवशी त्याच कार्यक्रमाच्या ३० प्रती चालू केल्या आणि प्रत्येकीने १० जोडण्या राखल्या, तर एकूण ३०० होतात. मर्यादा भरली की सर्व्हर नव्या मागणीस नकार देतो. आणि राखलेल्यांपैकी कित्येक जोडण्या तर रिकाम्याच असतात!

येथे मध्यवर्ती एक्स्चेंज हवे. स्काइप कंपनीत तयार होऊन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला पीजीबाउन्सर हे काम करतो. तशी मांडणी केल्यास तो ३०० जोडण्या स्वीकारतो, पण सर्व्हरकडे, समजा, २०च नेतो. एक व्यवहार पुरा होताच ती जोडणी दुसऱ्यास मिळते. उरलेले थोडा वेळ रांगेत थांबतात. नकारापेक्षा ही प्रतीक्षा बरी.

मात्र एक पथ्य पाळावे लागते. व्यवहारागणिक जोडणी हातोहात फिरत असल्यामुळे तिच्यावर ठेवलेली तात्पुरती कोष्टके पुढच्या व्यवहारात सापडतीलच असे नाही. शिवाय कार्यक्रमातील संच लहानच ठेवावा; नाहीतर रांग केवळ एका दारातून दुसऱ्या दारात जाते. कार्यक्रमाकडील संच वेळ वाचवितो, सर्व्हरकडील संच एकूण भार आवरतो. एक दुसऱ्याचे काम करू शकत नाही, म्हणूनच दोन्ही ठेवावयाचे.